सर्व्हरला असिंक आयओ हवं का? आधी वाट बघणारे मोजा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक सर्व्हर डिझाइनांत पहिल्याच पानावर 'असिंक' लिहिलेलं असतं, म्हणजे नेटवर्क-डिस्कवरच्या वाचण्या-लिहिण्यासाठी (आयओसाठी) थांबून न राहता तोवर दुसरं काम करायचं. कशासाठी म्हणून विचारलं की उत्तर येतं, 'स्केल व्हायला हवं ना.' किती, कशाचं, कुठल्या मशीनवर, याचा आकडा मात्र कुठेच नसतो. असिंक वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यावर चालणारे सर्व्हर मी वर्षानुवर्षं सांभाळते आहे. पण गरज नसताना ते लावलं की कोड वाचायला अवघड होतो, स्टॅक ट्रेसमधून, म्हणजे कोड कुठून कुठे गेला त्या नोंदीतून, काही बोध होत नाही आणि रात्री दोन वाजता ज्याला फोन जातो त्याचे हाल होतात. म्हणून निर्णय कसा घ्यायचा आणि घेतल्यावर काय काय करायचं, ते लिनक्स सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवून सांगते.

आधी एक गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टम आतून असिंकच असते. नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं की इंटरप्ट येतो, ड्रायव्हर ते उचलतो, ज्या सॉकेटचं, म्हणजे कनेक्शनच्या टोकाचं, असेल त्याच्या रांगेत टाकतो. तुमचा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी कामाची साखळी, 'रीड' करून थांबला असेल तर प्रोसेसर त्याच्यासाठी थांबलेला नसतो. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, त्या थ्रेडला झोपवलेलं असतं आणि डेटा आला की तो त्याला उठवतो. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो: वाट बघण्याचा हिशोब कोणी ठेवायचा? प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड दिला तर तो कर्नल ठेवतो. इपोलसारखी, म्हणजे अनेक कनेक्शनांपैकी कोणाकडे डेटा आलाय ते एकाच थ्रेडला सांगणारी, लिनक्सची सोय वापरली तर तुमचा प्रोग्रॅम ठेवतो. दुसऱ्या प्रकारात मेमरी वाचते, पण हिशोबाची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

पायरी पहिली: एका वेळी किती जण वाट बघताहेत?

सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण या निर्णयासाठी तो एकटा पुरत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामाला येतो: येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ, म्हणजे एका वेळी आत असलेल्यांची संख्या.

समजा बिलिंगचा एक सर्व्हर आहे. सेकंदाला ५०० रिक्वेस्ट, प्रत्येकीला २०० मिलिसेकंद. गुणाकार केला की १००. म्हणजे सरासरी शंभर थ्रेड अडकलेले राहणार. गर्दीच्या वेळेचा विचार करून तीनशे ठेवा. लिनक्सला तीनशे थ्रेड म्हणजे काहीच नाही. इथे असिंक लावून काहीही मिळणार नाही.

आता दुसरा सर्व्हर घ्या. दुधाच्या टँकरवर, शाळेच्या बसवर बसवलेली जीपीएस यंत्रं त्याला जोडलेली आहेत. यंत्र एकदा टीसीपी कनेक्शन जोडतं आणि दिवसभर ते तसंच धरून ठेवतं. दर ३० सेकंदांनी आपण कुठे आहोत ते कळवतं. अशी २०,००० यंत्रं असतील तर सेकंदाला साधारण ६६७ पॅकेट येतात. प्रत्येकाला एक मिलिसेकंद प्रोसेसर लागला तरी एक कोअरसुद्धा पूर्ण भरत नाही. कामाच्या हिशोबाने हा बिलिंगच्या सर्व्हरच्या आसपासचाच. पण वाट बघणारे इथे शंभर नाहीत, वीस हजार आहेत, आणि ते चोवीस तास तसेच बसलेले असतात. इपोलचा विषय इथे सुरू होतो.

तुमचा सर्व्हर आधीपासून चालू असेल तर अंदाज कशाला बांधायचा? कनेक्शनं दाखवणारी 'एसएस' कमांड सारांशाच्या पर्यायासह गर्दीच्या वेळी दर दहा सेकंदांनी चालवा आणि जोडलेल्या, म्हणजे 'एस्टॅब' अवस्थेतल्या, कनेक्शनांचा सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. 'टाइमवेट' अवस्थेतली कनेक्शनं त्यात धरू नका. ती कर्नलकडे असतात, तुमचा एकही थ्रेड त्यांच्यासाठी अडकलेला नसतो.

पायरी दुसरी: झोपलेल्या थ्रेडची खरी किंमत

इथे एक भीतीदायक गुणाकार नेहमी ऐकू येतो. एका थ्रेडचा स्टॅक, म्हणजे चालू कॉलचा हिशोब ठेवायची जागा, ८ एमबी, दहा हजार थ्रेड म्हणजे ८० जीबी, म्हणून थ्रेड नकोत. हा गुणाकार चुकीच्या गोष्टीचा आहे. ते ८ एमबी म्हणजे फक्त राखून ठेवलेले पत्ते असतात. प्रत्यक्ष मेमरी ४ केबीच्या पानांनी, थ्रेडने ज्या पानाला हात लावला त्या पानापुरतीच खर्च होते. शिवाय प्रत्येक थ्रेडला कर्नलच्या बाजूने स्टॅक लागतो, तो ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर १६ केबी. दहा हजार थ्रेडचे हे झाले १६० एमबी. त्यात प्रोग्रॅमने खरोखर वापरलेली पानं मिळवा. साध्या सी प्रोग्रॅममध्ये बेरीज काहीशे एमबीत बसते. जावात कॉलची साखळी खोल असते, फ्रेमवर्कचे थर असतात, त्यामुळे तिथे आकडा बराच वाढतो.

कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, मोजा. तुमच्याच सर्व्हरवर हजार कनेक्शनं जोडा, प्रत्येकावर एक खरी रिक्वेस्ट होऊ द्या आणि मग ती नुसती धरून ठेवा. आधी आणि नंतर दोन ठिकाणी बघा: 'प्रॉक' फोल्डरमधल्या तुमच्या प्रोसेसच्या 'स्टेटस' फाइलमधली 'व्हीएमआरएसएस' ओळ, आणि 'मेमइन्फो' फाइलमधली 'कर्नलस्टॅक' ओळ. दुसरी ओळ बघायला बहुतेक जण विसरतात. कर्नलमधले स्टॅक प्रोसेसच्या आकड्यात धरलेलेच नसतात. दोन्हींतली वाढ बेरीज करून हजाराने भागली की एका वाट बघणाऱ्याची किंमत हातात येते. पहिल्या पायरीतल्या आकड्याने तिला गुणा. उत्तर मशीनच्या मेमरीत आरामात बसत असेल तर थ्रेडच ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा.

थ्रेड नकोत हा सल्ला आला कुठून तेही सांगायला हवं, कारण त्या काळी तो बरोबर होता. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये 'सी-टेन-के' हा प्रश्न मांडला: एका मशीनवर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे? तेव्हा लिनक्समधली थ्रेडची व्यवस्था फारच अशक्त होती. पुढे उलरिश ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी नवी थ्रेड लायब्ररी आणि तिला लागणारे कर्नलमधले बदल केले. एक लाख थ्रेड सुरू करून संपवण्याच्या चाचणीला आधी जवळपास १५ मिनिटं लागत होती, ते काम २ सेकंदांवर आलं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून हे सगळं सर्वांना मिळालं. सल्ला मात्र तसाच फिरत राहिला.

थ्रेडला मेमरीच्या आधी दुसऱ्याच मर्यादा आडव्या येतात. एका प्रोसेसला मेमरीचे किती तुकडे मॅप करता येतील याला 'मॅक्स मॅप काउंट' ही मर्यादा असते, आणि अनेक सिस्टमांवर ती ६५,५३० आहे. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि त्याच्या टोकाचं संरक्षक पान असे दोन तुकडे धरले की बत्तीस हजारांच्या आसपास दार बंद होतं. सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीची 'टास्क्स मॅक्स' मर्यादा त्याच्याही आधी लागू शकते. अशा वेळी जावा 'आउट ऑफ मेमरी' म्हणून ओरडते आणि लोक रॅम वाढवतात. त्याच ओळीत पुढे 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' लिहिलेलं असेल तर रॅमला हात लावू नका, या दोन मर्यादा तपासा.

थ्रेडमुळे प्रोसेसर वाया जातोय अशी शंका असेल तर 'पिडस्टॅट' कमांड कॉन्टेक्स्ट स्विचच्या पर्यायासह चालवा. ती दोन रकाने दाखवते: थ्रेडने आपणहून सोडलेला प्रोसेसर आणि शेड्यूलरने काढून घेतलेला प्रोसेसर. पहिला मोठा असेल तर तुमचे थ्रेड आयओची वाट बघताहेत. दुसरा मोठा असेल तर कामाला कोअर कमी पडताहेत, आणि त्यावर असिंक हे औषधच नाही.

पायरी तिसरी: इपोल लावायचंच ठरलं तर

जुना 'सिलेक्ट' कॉल १९८३ मध्ये ४.२ बीएसडीतून आला. वर्गात दर मिनिटाला अख्खा हजेरीपट वाचून 'कोणाला काही विचारायचंय का' असं एकेकाला विचारावं, तसं त्याचं काम. शिवाय लिनक्सवर त्याची यादी १०२४ क्रमांकांवर संपते. इपोलमध्ये यादी एकदाच कर्नलकडे द्यायची. नंतर ज्यांच्याकडे काही आलंय तेवढेच परत मिळतात. वीस हजारांतले वीस जागे असतील तर वीसच. फ्रीबीएसडीने हीच सोय 'केक्यू' नावाने २००० साली दिली. विंडोज एनटीने त्याहून आधी, १९९४ च्या ३.५ आवृत्तीत, कंप्लिशन पोर्ट दिले. तेव्हा मोठ्या संख्येने नुसती बसून राहणारी कनेक्शनं सांभाळायला ऑपरेटिंग सिस्टमने असं काहीतरी द्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते प्रत्येक प्रोग्रॅमने वापरलंच पाहिजे, हे मात्र त्यातून निघत नाही.

इपोल दोन रीतींनी सूचना देतं, लेव्हल ट्रिगर आणि एज ट्रिगर. सुरुवात लेव्हल ट्रिगरने करा. सॉकेटमध्ये डेटा उरला असेल तर इपोल पुन्हा सांगतं, त्यामुळे अर्धवट वाचलं तरी काही हरवत नाही. एज ट्रिगर एकदाच सांगतो. तिथे 'आता काही उरलं नाही' हा 'ई-अगेन' निरोप येईपर्यंत वाचत राहायलाच हवं. तेवढं चुकलं की एखादं कनेक्शन कायमचं गप्प होतं आणि लॉगमध्ये त्याची खूणही राहत नाही. दोन्ही प्रकारांत सॉकेट नॉनब्लॉकिंग, म्हणजे डेटा नसला तर न थांबता परतणारा, ठेवा. लिहिण्याची सूचना फक्त लिहायचं काही शिल्लक असेल तेव्हाच मागा, कारण रिकामा सॉकेट लिहायला जवळपास नेहमीच तयार असतो आणि इपोलला पुन्हा पुन्हा विचारणारा तुमचा लूप उगाच गरगरत राहतो.

लूपच्या आत डेटाबेस क्वेरी नको, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) नको, मोठी जेसॉन फोडणं नको. ६६७ पॅकेटांपैकी एकाने अर्धा सेकंद घेतला तर त्या अर्ध्या सेकंदात बाकी सगळे थांबतात. जीपीएसच्या सर्व्हरमध्ये मी लूपमध्ये पॅकेट नीट आहे का एवढंच तपासते आणि ते रांगेत टाकते. डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम वेगळे थोडे थ्रेड करतात, तेही शंभर-शंभर नोंदी एकत्र करून.

बफरकडे विशेष लक्ष द्या. प्रत्येक कनेक्शनला जोडल्या जोडल्या १६ केबीचा बफर देऊन टाकला तर वीस हजारांचे ३२० एमबी झाले. म्हणजे थ्रेड टाळून जे वाचवलं, ते बफरमध्ये घालवलं. वाचताना सगळ्यांना मिळून एकच मोठा बफर वापरा आणि पॅकेट अर्धवट राहिलं तरच त्या कनेक्शनला स्वतःचा छोटा बफर द्या. जीपीएसचं पॅकेट काहीशे बाइटचं असतं, त्यामुळे बहुतेक कनेक्शनांना तो लागतच नाही.

मग मेलेली कनेक्शनं. टँकर घाटात शिरला, रेंज गेली, यंत्र पुढे नव्याने जोडलं गेलं. जुनं कनेक्शन सर्व्हरच्या बाजूने तसंच 'जोडलेलं' दिसत राहतं. टीसीपी कीपअलाइव्ह चालू केलं तरी लिनक्सवर पहिली चौकशी मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. दोन तासांत एकेका गाडीची अशी कितीतरी भुतं साचतात. म्हणून प्रोग्रॅममध्येच स्वतःचा नियम ठेवा: चार-पाच पॅकेटांचा वेळ गप्प राहिलेलं कनेक्शन बंद. आणि त्याच यंत्राचं नवं कनेक्शन आलं की जुनं लगेच बंद.

उघड्या फाइलींची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते, ती सर्व्हिसच्या फाइलमध्ये वाढवा. टर्मिनलमध्ये वाढवलेली मर्यादा सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसला लागू होत नाही. एक कोअर अपुरा पडायला लागला तर प्रत्येक कोअरला स्वतंत्र लूप आणि एकच पोर्ट अनेकांना ऐकू देणारा 'रीयूज पोर्ट' हा पर्याय, तो ३.९ कर्नलपासून, म्हणजे २०१३ पासून आहे.

पायरी चौथी: डिस्कचं गणित वेगळं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इपोल लावलं म्हणजे सगळं असिंक झालं असं समजून पुष्कळ लोक फसतात. इपोल 'तयार आहे का' एवढंच सांगतं. साध्या फाइलबद्दल हा प्रश्नच लागू पडत नाही. 'सिलेक्ट' आणि 'पोल' यांच्या मते फाइल कायमच तयार असते. इपोल तर फाइल यादीत घ्यायलाच नकार देतं. प्रत्यक्षात फाइलचं ते पान मेमरीत नसेल तर 'रीड' डिस्कपर्यंत जातं आणि तुमचा एकुलता एक लूप तिथेच उभा राहतो.

यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे फाइलींसाठी वेगळे थ्रेड. इपोलवर उभा असलेला एनजिन-एक्स हा वेब सर्व्हरसुद्धा २०१५ मध्ये १.७.११ आवृत्तीत थ्रेड पूल, म्हणजे आधीच तयार ठेवलेले मोजके थ्रेड, घेऊन आला, तो याचसाठी. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये हा पूल पहिल्यापासून आहे, पण त्यात मुळात फक्त ४ थ्रेड असतात आणि डीएनएसचा नेहमीचा शोधही त्यांच्याच वाट्याला येतो. डीएनएस सर्व्हर मंदावला की फाइली वाचणं अडतं, आणि कारण कुठल्या कुठे शोधलं जातं. नोडचा सर्व्हर फाइलींवर विनाकारण अडकतोय असं दिसलं तर त्या पूलचा आकार वाढवून बघा. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं काम आहे.

लिनक्सचं जुनं असिंक आयओ सरळ डिस्कवर, पेज कॅश (फाइलींची मेमरीतली प्रत) टाळून वाचलं तरच भरवशाने असिंक राहायचं, म्हणून डेटाबेस बनवणाऱ्यांपलीकडे ते फारसं कोणी वापरलं नाही. जेन्स ॲक्सबो यांचं आयओ यूरिंग मे २०१९ मध्ये ५.१ कर्नलमध्ये आलं. त्यात प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामध्ये दोन गोल रांगा असतात: एकीत कामं टाकायची, दुसरीतून पूर्ण झालेली उचलायची. फाइल असो की सॉकेट, रीत तीच. एकेका कामाला एकेक सिस्टम कॉल लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ व्या आवृत्तीने वाचण्यासाठी असिंक आयओ घेतलं. तिथे आयओ यूरिंग निवडता येतं, पण न सांगता मिळतात ते वेगळे वर्कर प्रोसेसच. इतकी अनुभवी मंडळीसुद्धा दोन्ही वाटा उघड्या ठेवतात, हे ध्यानात घ्या.

आयओ यूरिंग निवडण्याआधी ते चालू तरी आहे का ते तपासा. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कर्नल सुरक्षा बक्षीस योजनेत आलेल्या प्रवेशिकांपैकी ६० टक्क्यांनी यातल्याच त्रुटी वापरल्या होत्या, आणि आपल्या प्रॉडक्शन सर्व्हरांवर त्यांनी ते बंद केलं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या नव्या आवृत्त्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते अडवतात, आणि ६.६ कर्नलपासून ते पूर्ण बंद करण्याची सेटिंगही आहे. लॅपटॉपवर पळालेला प्रोग्रॅम कंटेनरमध्ये अडकण्याचं हे नेहमीचं कारण.

मधली वाट

वीस हजार कनेक्शनं आहेत पण कॉलबॅकचं, म्हणजे 'हे झालं की ते चालव' अशा तुकड्यांचं, जंगल नको, तर गो किंवा जावा २१ बघा. दोन्हींत कोड सरळ, थांबत थांबत लिहायचा. खाली रनटाइम स्वतः इपोल चालवतो. गोचा हलका थ्रेड म्हणजे गोरूटीन, त्याचा स्टॅक २ केबीपासून सुरू होतो. जावाचे तसेच हलके, व्हर्च्युअल थ्रेड सप्टेंबर २०२३ पासून पक्के झाले, पण 'सिंक्रोनाइज्ड' ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडकवून ठेवायचा. ते जावा २४ मध्ये सुधारलं. नवा सर्व्हर सुरू करणाऱ्यांना मी आज हीच वाट सुचवते.

यात एक धोका आहे. थ्रेड पूल आपोआप गर्दी अडवत होता: दोनशे थ्रेड म्हणजे डेटाबेसवर जास्तीत जास्त दोनशे जण. ती भिंत काढली की दहा हजार रिक्वेस्ट एकदम डेटाबेसच्या दारात. पोस्टग्रेस न सांगता १०० कनेक्शनं देतं आणि प्रत्येकामागे एक प्रोसेस उभी करतं. म्हणून डेटाबेसच्या तोंडाशी सेमाफोर (एका वेळी ठराविक जणांनाच आत सोडणारा मोजणीदार) किंवा मोजकी कनेक्शनं असलेला पूल ठेवा, आणि ठराविक वेळेत जागा मिळाली नाही तर स्पष्ट नकार द्या.

शेवटची चाचणी

लोड टेस्ट नुसती वेगाची करू नका. वीस हजार कनेक्शनं शांत धरून ठेवा आणि त्याच वेळी नेहमीची रहदारी चालवा. एका क्लायंट मशीनवरून एका पत्त्याकडे साधारण २८ हजारांवर कनेक्शनं जात नाहीत, कारण लिनक्स त्यासाठी ३२,७६८ ते ६०,९९९ एवढेच पोर्ट वापरतं. त्या आकड्याशी अडलात तर दोष सर्व्हरला देऊ नका, दुसरा आयपी जोडा. सरासरी वेळेपेक्षा सर्वांत मंद एक टक्का रिक्वेस्टांचा वेळ बघा. लूपमध्ये कोणी काही थांबवणारं घुसवलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

मग चाचणी चालू असतानाच सर्व्हर रीस्टार्ट करा. वीस हजार यंत्रं एकाच वेळी परत जोडायला धावतात. त्या धक्क्यात स्वीकारायच्या रांगेची लांबी कामाला येते: कर्नलची वरची मर्यादा ५.४ पूर्वी १२८ होती, नंतर ४०९६ झाली, पण प्रोग्रॅमने स्वतः कमी मागितली तर कमीच मिळते. जावाचा साधा सर्व्हर सॉकेट न सांगता ५० मागतो. रीस्टार्टच्या आधी आणि नंतर 'एनस्टॅट' कमांडमधला 'लिसन ओव्हरफ्लोज' आकडा टिपा. तो वाढला असेल तर रांग लांब करा, आणि यंत्रांचं फर्मवेअर तुमच्या हातात असेल तर पुन्हा जोडण्याआधी प्रत्येकाला शून्य ते साठ सेकंदांतला कुठलाही वेळ थांबायला लावा.